हवाई दलाचा उमेदवार आणि त्याचें घर

कल्याणहून मलंगगडाच्या बाजूस जाऊं लागलें म्हणजे वाटेंत नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या नेवाळीच्या माळावर ब्रिटिश सरकारनें एक धांवपट्टी बांधली. तिच्यासाठीं आसपासच्या गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आणि त्या जमिनींचा वाद पुढें २०१७ च्या जून महिन्यांत पुन्हां कसा पेटला, हें ठाणें जिल्ह्यांतील श्रोत्यांच्या स्मरणांत असेलच. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु त्या पट्टीवरून एक विचार मनांत येतो. जमीन, खडी आणि मजूर मिळाले कीं धांवपट्टी थोड्या काळांत तयार होते. तिच्यावरून विमान आकाशांत नेणारा अधिकारी मात्र इतक्या लवकर तयार होत नाहीं. त्याची घडण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून चाललेली असते. आणि ती बहुधा विमानापासून फार दूर, एखाद्या साध्या घरांत चाललेली असते.

ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांत अशीं घरें पुष्कळ आहेत, कीं जेथें दहावींतला मुलगा जेवतां जेवतां एकाएकीं म्हणतो, "बाबा, मला हवाई दलांत जायचें आहे." वडील हातांतला घास तसाच धरून राहतात, आई सासूबाईंकडे पाहते, आणि आजी विचारते, "म्हणजे विमान हा स्वतः चालवणार कीं काय?" पुढचे चार दिवस घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षास वाटतें, हा पोरखेळ आहे, दोन महिन्यांत विसरेल. दुसऱ्यास वाटतें, एखादा नामांकित क्लास लावला कीं काम झालें. दोन्ही पक्ष चुकतात. असा ध्यास हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि फी भरून पुरा होण्यासारखाही नाहीं.

हें काम आपल्या लोकांचें नव्हे, ही समजूत तर प्रथम टाकून द्यावी. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाली. त्या वेळचे पहिले पांच भारतीय वैमानिक अधिकारी इंग्लंडांत क्रॅनवेल येथें शिकून आले होते. पुढें आठच वर्षांनीं, १९४० सालीं, मुंबईंत जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर या दलांत अधिकारी झाले. १९४७-४८ च्या काश्मीरमधील मोहिमेबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालें, आणि १९७६ ते १९७८ या काळांत ते दलाचे प्रमुख होते. २००९ ते २०११ पर्यंत प्रदीप वसंत नाईक आणि २०२१ ते २०२४ पर्यंत विवेक राम चौधरी यांनीं तेंच पद भूषविलें. मराठी घरांतील मुलें या दलाच्या माथ्यापर्यंत गेलीं आहेत. तेव्हां उंबरठा ओलांडण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

आतां दारें कोणतीं तें पाहूं. पहिलें दार बारावीचें. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठीं संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोन वेळां परीक्षा घेतो. उमेदवाराचें वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावें लागतें, आणि हवाई दलासाठीं बारावीस गणित व भौतिकशास्त्र हे विषय आवश्यक असतात. येथें अनेक घरांची फसगत होते. गणित जड जातें म्हणून मुलगा अकरावीस तें सोडतो, आणि दोन वर्षांनीं त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण आपल्याच हातानें दार लावून घेतलें. दुसरें दार पदवीनंतरचें. साधारणतः २० ते २४ या वयांत आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा किंवा हवाई दलाची स्वतःची प्रवेशपरीक्षा, जिला सर्वजण 'ॲफकॅट' म्हणतात, ती देतां येते. तिसरें दार राष्ट्रीय छात्रसेनेचें. १९४८ सालीं स्थापन झालेल्या या संघटनेच्या हवाई विभागाचें 'सी' प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास लेखी परीक्षा न देतां थेट निवड मंडळापुढें उभें राहतां येतें. महाविद्यालयांत नांव घालतांना याची चौकशी केली तर फुकट जात नाहीं.

ज्यांस शालेय वयापासूनच त्या वाटेनें जावयाचें आहे, त्यांच्यासाठीं महाराष्ट्रांत सोयी आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ सालीं निघाली. देशांतील त्या प्रकारची ती पहिलीच. प्रदीप नाईक हे तिचेच विद्यार्थी. दहावी झालेल्या मुलांसाठीं राज्य सरकारनें १९७७ सालीं औरंगाबाद येथें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. तेथें अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मुलांना प्रबोधिनीसाठीं तयार करतात. मुलींसाठीं तशीच संस्था २०२३ सालीं नाशिक येथें सुरू झाली.

मुलींचा उल्लेख ओघानें आला, तो जरा स्पष्ट करावा हें बरें. १८ जून २०१६ रोजीं अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी हवाई दलाच्या पहिल्या स्त्री-लढाऊ वैमानिक झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याचें दार मुलींस उघडलें. २०२२ सालीं त्यांची पहिली तुकडी आंत गेली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत त्या तुकडींतील १७ मुली शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. तेव्हां आजीबाईंचा तो प्रश्न आतां 'ही चालवणार कीं काय?' असाही विचारला जाऊं शकतो, आणि त्याचें उत्तर होकारार्थी देतां येतें.

दार सांपडलें म्हणजे लगेच पुस्तकांकडे धांव घेऊं नये. प्रथम देहाकडे पाहावें. उड्डाण शाखेस उंची निदान १६२.५ सेंटिमीटर लागते. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसलेल्या स्थितींतील उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, आणि मांडीची लांबी फार तर ६४ सेंटिमीटर, अशीं मापें आहेत. हीं मापें ऐकून कोणास हंसूं येईल. पण त्यांमागें कारण आहे. विमानांतील जागा शिंप्याकडच्या कपड्याप्रमाणें बेतून घेतां येत नाहीं. पाय आंखूड असतील तर ते पायटयांपर्यंत पोहोंचणार नाहींत. आणीबाणीच्या वेळीं लढाऊ विमानांतून वैमानिक आसनासकट बाहेर फेकला जातो. त्या क्षणीं मांडी फार लांब असेल तर गुडघे समोरच्या फळीवर आपटतील.

याहून नाजूक बाब डोळ्यांची. लघुदृष्टि, म्हणजे दूरचें अंधुक दिसणें, हा दोष प्रबोधिनीमार्गें उड्डाण शाखेंत जाणाऱ्यास आड येतो. रंगांधळेपणाही चालत नाहीं. हा दुसरा दोष तर असा, कीं तो ज्याच्या ठिकाणीं असतो त्यास स्वतःस बहुधा ठाऊक नसतो. लहानपणापासून तो पानास हिरवें आणि जास्वंदीस तांबडें म्हणत आलेला असतो, कारण इतरांनीं तसें म्हटलेलें त्यानें ऐकलेलें असतें. ठिपक्यांच्या चित्रांतून आंकडा ओळखावयाची साधी चांचणी कोणत्याही नेत्रवैद्याकडे दहा मिनिटांत होते. ती चौदाव्या वर्षीं करून घेतली तर मुलास वाईट वाटेल, पण वाट बदलण्यास त्याच्यापाशीं वेळ असेल. तीच गोष्ट चार वर्षें रात्रंदिवस अभ्यास केल्यावर कळली, तर त्या मुलाच्या मनाला जो चटका बसतो त्याचा दोष कोणाकडे जातो? ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं क्लासची फी वेळेवर भरली आणि डोळ्यांची तपासणी मात्र लांबणीवर टाकली, त्यांच्याकडेच जातो.

डोळ्यांसंबंधींच आणखी एक सांगण्यासारखें आहे. जीं मुलें दिवसांतला बराच वेळ उघड्यावर, उजेडांत घालवितात, त्यांच्यांत लघुदृष्टि कमी प्रमाणांत सुरू होते, असें वैद्यकीय अभ्यासांत दिसून आलें आहे. आपल्या शहरांत इमारती दाटल्या आणि मैदानें आक्रसलीं हें खरें. तरीही ठाण्याच्या मुलास येऊरचा डोंगर आहे, कल्याणच्या मुलास दुर्गाडीची बाजू व खाडीकांठ आहे, डोंबिवलीकरास पहांटेचे मोकळे रस्ते आहेत. सहावी-सातवींतल्या मुलास संध्याकाळीं तास-दीड तास खेळावयास सोडणें, हाही हवाई दलाच्या तयारीचा भाग आहे, हें किती आईबापांच्या ध्यानांत येत असेल?

लेखी परीक्षेविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं, कारण आपल्या घरांना परीक्षा नवी नाहीं. प्रबोधिनीच्या परीक्षेंत गणितास ३०० आणि सामान्य क्षमतेस ६०० गुण असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात, म्हणून ठोकून देण्याची संवय मोडावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलास इंग्रजीची धास्ती वाटते. तिच्यावर उपाय एकच. रोज वर्तमानपत्रांतील एक मजकूर मोठ्यानें वाचावा, आणि त्यांत काय सांगितलें तें साध्या इंग्रजींत पांच मिनिटें घरांतल्या कोणास तरी सांगावें. ऐकणाऱ्यास इंग्रजी येत नसलें तरी चालतें. त्यानें मान हालविली म्हणजे पुरे. बोलणाऱ्याची जीभ मोकळी होते.

परंतु या ९०० गुणांच्या जोडीला निवड मंडळाचे आणखी ९०० गुण असतात. म्हणजे निम्मे गुण अशा गोष्टीचे आहेत कीं जिचें गाइड बाजारांत मिळत नाहीं. हवाई दलाचीं निवड मंडळें डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणीं आहेत. प्रथमच जाणाऱ्या उमेदवारास रेल्वेचें भाडें मिळतें. पहिल्या दिवशीं बुद्धिमापनाची चांचणी आणि एका अस्पष्ट चित्रावरून गोष्ट रचून तिची चर्चा, एवढें होतें. त्यांत जे कमी पडतात त्यांस त्याच दिवशीं निरोप मिळतो. राहिलेल्यांची परीक्षा पुढचे दिवस चालते. एक चित्र तीस सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहावयाची, अशीं बारा चित्रें. साठ शब्द, प्रत्येकास पंधरा सेकंद. शब्द दिसतांच मनांत येईल तें वाक्य लिहावयाचें. साठ अडचणीचे प्रसंग आणि अर्धा तास. मग मैदानावर फळ्या, दोर व पिपें देऊन सात-आठ अनोळखी मुलांनीं मिळून ओढा ओलांडल्याचें काम करावयाचें. शेवटीं एका अधिकाऱ्याशीं प्रदीर्घ मुलाखत.

या सर्वांची गोम अशी आहे, कीं मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापलें मत स्वतंत्रपणें बनवितात, आणि अखेरच्या बैठकींत तीं मतें एकमेकांशीं ताडून पाहतात. पाठ केलेलीं उत्तरें येथें उघडीं पडतात. गोष्टींत ज्याचा नायक नेहमीं दुसऱ्याच्या मदतीस धांवतो, तो मैदानावर मागें राहिलेल्या सोबत्यास हात देत नसेल, तर तें लपून राहत नाहीं. मुलाखतींत ज्यानें 'मी रोज पहांटे धांवतों' म्हणून सांगितलें, त्याचा दम दोराशीं तिसऱ्याच मिनिटांत उलगडतो. शेजारच्या क्लासनें दहा हुशार मुलांस तेंच वाक्य शिकविलेलें असतें. अकरावा तेंच म्हणाला म्हणजे परीक्षकांस तो मुलगा दिसत नाहीं, क्लास दिसतो.

म्हणून या निम्म्या गुणांची तयारी घरांतच व्हावयाची असते, आणि ती न कळत होते. वडिलांच्या हातून मुलाच्या देखत चूक झाली, आणि ती त्यांनीं कबूल केली, कीं मुलगा एक पाठ शिकतो. दूध संपलें, पाहुणे आले, वीज गेली, अशा वेळीं आई ज्या शांतपणें मार्ग काढते, तो साठ प्रसंगांपैकीं एक प्रसंगच असतो. सोसायटीच्या गणेशोत्सवांत ज्यानें खुर्च्या उचलल्या, वर्गणीचा हिशोब पैन् पै दिला, भांडणाऱ्या दोघांस एका कामावर लावलें, त्यास मैदानावरच्या फळ्या व दोर परके वाटत नाहींत. सकाळीं डोंबिवलीच्या फलाटावर लोकल येते तेव्हां जो प्रसंग घडतो, तोही एक सामुदायिक कसोटीच म्हणावयाची. तेथें दुसऱ्यास लोटून आंत शिरणारा एक, आणि आंत शिरल्यावर मागच्यासाठीं अर्धें पाऊल सरकणारा एक. दोघेही वेळेवर कचेरीस पोहोंचतात. परंतु हवाई दलास पाहिजे असलेला मुलगा त्यांतला कोणता, हें सांगावयास नको.

मंडळाच्या या परीक्षेखेरीज उड्डाण शाखेच्या उमेदवारास आणखी एक कसोटी असते. ती यंत्रावर होते. पडद्यावरील खुणा पाहून हातापायांनीं एकाच वेळीं नियंत्रण राखावयाचें, ऐकूं आलेल्या सूचना ध्यानांत ठेवावयाच्या, आणि कामांची गर्दी झाली तरी गोंधळावयाचें नाहीं, असें तिचें स्वरूप. मंडळापुढें उमेदवार पुन्हां जाऊं शकतो. लेखी परीक्षाही वय असेतोंवर पुन्हां देतां येते. ही यांत्रिक कसोटी मात्र जन्मांत एकदांच. तींत अनुत्तीर्ण झाला त्यास वैमानिक होण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. दलांतील इतर शाखा खुल्या राहतात. म्हणून 'सहज जाऊन बघूं या, अनुभव मिळेल' हा सल्ला येथें घातक आहे. अंगांत ताप असतां, रात्रभराच्या जागरणानंतर, सूचना अर्धवट ऐकून त्या यंत्रापुढें बसूं नये. सूचना शेवटच्या शब्दापर्यंत ऐकण्याची संवय, ही या कसोटीची सर्वांत मोठी तयारी. आणि ती संवय लावण्याचें काम कोणत्याही यंत्रावांचून होतें.

येथपर्यंत सर्व ठीक. पण आईच्या मनांत एक प्रश्न असतो. तो ती चारचौघांत विचारीत नाहीं, रात्रीं दिवा मालवल्यावर विचारते. "त्याला काहीं झालें तर?"

या प्रश्नास गोड उत्तर देऊं नये. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे हे तेथील भोंसला सैनिकी शाळेंत आणि पुढें औरंगाबादच्या त्या सरकारी संस्थेंत शिकून वैमानिक झाले होते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मीरमध्यें बडगाम येथें त्यांचें हेलिकॉप्टर कोसळलें, आणि आंतील सहाही जण गेले. तें आपल्याच बाजूच्या क्षेपणास्त्रानें पडलें, ही मोठी चूक झाली, असें हवाई दलाच्या प्रमुखांनीं त्याच वर्षीं उघडपणें कबूल केलें. हें ऐकून ज्या आईचें मन घट्ट होणार नाहीं तिला भित्री म्हणण्याचा कोणास अधिकार नाहीं. पण ही हकीकत मुलापासून लपवून ठेवूं नये. त्यास ती सांगावी, आणि मग पुन्हां विचारावें, "अजून जायचें आहे?" चित्रपटांतील विमानें पाहून उठलेली हौस या एका प्रश्नासरशी ओसरते, आणि खरा ध्यास असेल तर तो मुलगा थोडा वेळ गप्प बसून 'होय' म्हणतो. त्या गप्प बसण्यास किंमत आहे. जो धोका जाणून पुढें जातो तोच आकाशांत सावध राहतो. आणि सावध वैमानिक आपल्याबरोबर इतरांचाही जीव राखतो.

निवड झाल्यावर काय, तें थोडक्यांत. खडकवासल्यास तीन वर्षें, नंतर हैदराबादजवळ दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनी. पदवीनंतर येणारे थेट दुंडिगलला. तेथें 'पिलाटस' नांवाच्या स्विस बनावटीच्या विमानावर प्रथम शिक्षक शेजारी नव्हे, मागें बसून शिकवितो, आणि एक दिवस त्याचें आसन रिकामें ठेवून विद्यार्थ्यास एकट्यास वर पाठविलें जातें. त्या दिवशीं त्याच्याबरोबर क्लास नसतो, गाइड नसतें, आईबाप नसतात. असते ती त्यांनीं लावलेली संवय.

आणि निवड न झाली तर? याचाच विचार घरांत सर्वांत कमी होतो, आणि बहुतेकांच्या वाट्यास तेंच येतें. मंडळापुढें गेलेल्यांपैकीं थोडेच घेतले जातात. कित्येक पुढें नांवाजलेले अधिकारीही पहिल्या खेपेस परत आलेले असतात. समजा, असा एक मुलगा गांधीनगरहून निघाला आहे. वसईस उतरून दिव्याची गाडी पकडून तो रात्रीं डोंबिवलीस येतो. खांद्यावर पिशवी, हातांत कागदपत्रांची फाइल. वाटेंत त्यास एकच भीति असते. निवड मंडळाची नव्हे, जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्यांची. "काय रे, झालें का सिलेक्शन?" हा प्रश्न विचारणाऱ्यास तो सहज वाटतो, ज्याला विचारला त्याची रात्रीची झोंप त्यानें जाते.

अशा वेळीं घरानें काय करावें? मंडळानें त्या मुलास नालायक म्हटलेलें नाहीं. या कामासाठीं, या वेळीं, हा नको, एवढेंच म्हटलें आहे. त्याच्या पदरीं काय पडलें तेंही पाहावें. पहांटे उठण्याची संवय लागली, देह कसला गेला, भाषा मोकळी झाली, आणि आपण गर्दींत कसे वागतों हें त्यानें एकदां तिऱ्हाइताच्या डोळ्यांनीं पाहिलें. हें घेऊन तो अभियंता झाला, शिक्षक झाला, व्यापारी झाला, तरी देशाचें नुकसान झालें असें कोण म्हणेल? कोठें कमी पडलों, हें तो आठ दिवसांनीं आपण होऊन सांगेल; त्या रात्रीं विचारूं नये. त्या रात्रीं वडिलांनीं स्टेशनावर जावें, त्याच्या हातांतली पिशवी घ्यावी, आणि "जेवलास का रे?" एवढेंच विचारावें.